कचेरीतील हात व वेशीवरची भूक

(राई येथे भरलेल्या ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात आम्ही दोन शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा विषय शोधावयास आम्हांस दूर जावे लागले नाही. गेली काही वर्षे आपल्या घराघरांतून एक नवी गोष्ट कानी येत आहे. अंधेरी, गोरेगाव, वांद्रे-कुर्ला संकुल अशा ठिकाणी नोकरीस असलेली आपली मुलेमुली एखाद्या शनिवारी कंपनीचे नाव छापलेला सदरा घालून बाहेर पडतात, आणि कोठे निघालात म्हणून विचारले असता ‘आज व्हॉलंटियरिंग आहे’ असे सांगतात. कोणी शाळेच्या भिंती रंगवितात, कोणी समुद्रकिनारा झाडतात, आणि पुष्कळजण भुकेल्यांसाठी अन्नाची पाकिटे भरतात किंवा वाटतात. घरातल्या आजीस हे कोडेच वाटते. पगार कंपनीचा, सदरा कंपनीचा, पुष्कळदा वेळही कंपनीचाच; मग ह्यात सेवा ती कोणाची? आजीचा हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. आमच्या मते ह्या विषयातला तोच मुख्य प्रश्न आहे.

प्रथम कायद्याकडे पाहू. २०१३ च्या कंपनी कायद्यातील १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या निदान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, असे हे कलम सांगते. कोणत्या कामांवर खर्च करावी ह्याची यादी त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात दिली आहे, आणि त्या यादीतील अगदी पहिली नोंद भूक, दारिद्र्य व कुपोषण ह्यांच्या निर्मूलनाची आहे. शिक्षण, पर्यावरण, क्रीडा ही सर्व मागाहून येतात. हा क्रम आम्हांस मोठा शहाणपणाचा वाटला.

पुढे असा प्रश्न निघाला की, कर्मचारी जो वेळ देतात त्याची किंमत पैशांत मांडून ती ह्या दोन टक्क्यांत धरावी काय? केंद्र सरकारने त्यावर खुलासा केला. कर्मचाऱ्यांना अशा कामांत सहभागी करून घेणे इष्टच आहे, कंपन्यांनी तसे अवश्य करावे. परंतु त्यांच्या विनामूल्य श्रमाचे रुपये करून ते खर्चाच्या बाजूस लिहिता येणार नाहीत. आजीच्या प्रश्नाचे उत्तर ह्या खुलाशात आहे असे आम्ही समजतो. पैसा कंपनीच्या वहीत जातो. मुलाने दिलेले तास त्या वहीत कोठेच बसत नाहीत. ते त्याचे स्वतःचे आहेत. आणि ज्याअर्थी ते त्याचे आहेत, त्याअर्थी ते कोठे खर्चावे ह्याविषयी त्याच्या घरच्यांनी व गावाने त्याजजवळ बोलावयास काही हरकत नसावी.

अशा कामाचे प्रकार नाना आहेत. टाटा उद्योगसमूहाने २०१४ मध्ये ‘टाटा एंगेज’ ह्या नावाने आपल्या सर्व कंपन्यांतील नोकरांच्या स्वयंसेवेस एक रूप दिले. अमेरिकेत १९९८ मध्ये निघालेली, आणि आता ‘राईज अगेन्स्ट हंगर’ ह्या नावाने ओळखली जाणारी एक संस्था आहे. तिची भारतीय शाखा कंपन्यांच्या नोकरांस लांबच लांब टेबलांपाशी उभे करून तांदूळ, डाळ, सुकविलेल्या भाज्या व जीवनसत्त्वांची पुडी अशी पाकिटे भरून घेते. डोक्यास जाळीची टोपी, हातांत मोजे, एकाने नरसाळे धरावयाचे, दुसऱ्याने तांदूळ ओतावयाचे, तिसऱ्याने वजन करावयाचे. एका दुपारात हजारो पाकिटे होतात. हे काम यंत्राने अधिक स्वस्तात होईल, हे उघड आहे. तरीही आम्ही त्यास नावे ठेवणार नाही. महिन्याचा पगार घेणाऱ्या माणसाने एकदा तरी एका ताटाचे तांदूळ स्वतःच्या हाताने मोजून पाहावेत, ह्यात त्याचे शिक्षण आहे. पण हे शिक्षण भरणाराचे झाले. पाकीट ज्याच्या घरी जाते त्याचा दुसरा दिवस कसा उजाडतो, हे टेबलापाशी समजत नाही.

ह्याहून निराळा मार्ग काही तरुणांनी काढला. २०१४ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत ‘रॉबिन हूड आर्मी’ ह्या नावाने जे काम सुरू झाले, त्याच्या प्रवर्तकांपैकी नील घोष हे स्वतः एका कंपनीत नोकरीस होते. पोर्तुगालमधील लिस्बन शहरी उपाहारगृहांतले उरलेले चांगले अन्न गोळा करून गरजूंस पोहोचविणारी एक चळवळ त्यांनी पाहिली आणि तसेच आपल्याकडे करावे असे मनात घेतले. पहिल्या रात्री सहाजणांनी दीडशे माणसांस जेवू घातले. पुढे हे काम देशभर व देशाबाहेरही पसरले. त्यांचा एक नियम आम्हांस विशेष वाटतो. ते कोणाकडून पैसा घेत नाहीत. वेळ, अन्न व वाहन एवढेच मागतात. आपल्याकडे सार्वजनिक कामे कोठे बुडतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस ह्या नियमाचे मर्म सांगावयास नको.

आणि सुशिक्षित नोकरदारांनाच हे सुचते असेही कोणी समजू नये. विरारपासून चर्चगेटपर्यंत ज्यांच्या पांढऱ्या टोप्या आपण रोज पाहतो त्या मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ च्या अखेरीस रोटी बँक सुरू केली. दिवसभर दुसऱ्यांच्या घरचे जेवण सायकलीवरून वाहून नेल्यावर, रात्री लग्नसमारंभांतील उरलेले अन्न उचलून पदपथावरच्या माणसांस द्यावयाचे. मुंबईचे माजी पोलिस आयुक्त डी. शिवानंदन ह्यांनीही पुढे रोटी बँक ह्याच नावाने मोठे काम उभे केले. डबेवाल्यांच्या उदाहरणात एक गोष्ट टिपून ठेवण्यासारखी आहे. त्यांनी आपल्या धंद्याचे कसबच सेवेस दिले. अन्न वेळेवर, न सांडता, नेमक्या माणसापर्यंत कसे न्यावे हे त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? ह्या मुद्द्याकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत.

आता आपल्या राईकडे वळू. १३५ व्या कलमात एक छोटे वाक्य आहे. तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कंपनीचे काम जेथे चालते तो स्थानिक प्रदेश व त्याच्या आसपासचा भाग ह्यांस तिने प्राधान्य द्यावे, असे ते वाक्य आहे. वाक्य न्याय्य आहे, परंतु आपल्या गावाशी त्याचा मेळ बसत नाही. राई, मुर्धे, मोर्वे ही भाईंदरच्या पश्चिमेस उत्तनच्या वाटेवरची गावे. एका अंगास खाडी व खाजण, एका अंगास मिठागरे; पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात मीठ, आणि मधल्या काळात जाळे. येथे मोठ्या कंपनीची कचेरी नाही. येथून माणसे सकाळच्या गाडीने कचेरीत जातात व रात्री निजावयास परत येतात. कंपनीच्या लेखी ‘स्थानिक’ म्हणजे तिच्या इमारतीभोवतालचा मुलूख. नोकराच्या लेखी स्थानिक म्हणजे जेथे त्याचे अंथरूण आहे ते गाव. ह्या दोहोंच्या मध्ये कित्येक मैलांचा लोहमार्ग पडला आहे. परिणाम असा होतो की, आपला मुलगा शनिवारी मुंबईत पाकिटे भरतो, आणि रविवारी सकाळी आपल्याच वेशीवरच्या भुकेला वळसा घालून मासळीबाजारास जातो. त्यात त्याचा दोष नाही. ती भूक त्यास कोणी दाखविलेलीच नाही.

ती आहे कोठे, असे कोणी विचारील. आपल्या शहराची वाढ पाहा. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. २००१ च्या शिरगणतीत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ५,२०,३८८ होती; २०११ मध्ये ती ८,०९,३७८ झाली. दहा वर्षांत जवळजवळ तीन लाख माणसे वाढली. एवढ्या माणसांची घरे ज्यांनी बांधली ते गवंडी, बिगारी, रंगारी, त्यांची बायकामुले, हे लोक इमारत पुरी होईपर्यंत तिच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत राहतात आणि इमारत पुरी झाली की पुढल्या इमारतीच्या पायथ्याशी जातात. नाक्यावर सकाळी मजूर उभे असतात. दहा वाजेपर्यंत ज्यास कोणी नेले नाही त्याची त्या दिवसाची चूल पेटेलच असे नाही. जव्हार-मोखाड्याकडून दसऱ्यानंतर उतरणारी आदिवासी कुटुंबे आहेत. आणि आपल्या आळ्यांतही शोधले तर एखादी एकटी म्हातारी सापडतेच, जिची जमीन गेली, मिळालेला पैसा वाटला गेला, आणि जी आता शेजारणीने दिलेल्या पेजेवर दिवस काढते. ती मागत नाही, कारण मागावयाची तिच्या घराण्यास सवय नाही.

ही भूक पूर्वीच्या दुष्काळातल्यासारखी रस्त्यावर येऊन पडत नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनी रेशनवरची लाल मिलो ज्वारी खाल्ली आहे, १९७२ च्या दुष्काळातील सुकडीच्या गोष्टी ऐकल्या आहेत. तेव्हाची भूक डोळ्यांस दिसे. आजची भूक मुलाच्या वजनात व उंचीत दडलेली असते. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी शेकडा ३५.२ मुले वयाच्या मानाने खुजी आहेत, आणि शेकडा २५.६ मुले उंचीच्या मानाने कृश आहेत. ह्यातले मूल आपल्या दारावरून खेळत जाते. त्याला पाहून कोणासही ते भुकेले आहे असे वाटत नाही. चार वर्षांचे मूल तीन वर्षांचे दिसते, इतकेच.

एकदाच ती सर्वांच्या डोळ्यांसमोर आली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, आणि काशिमिऱ्यावरून जाणाऱ्या महामार्गाने माणसांचे तांडे डोक्यावर बोचकी घेऊन चालू लागले. ज्यांनी आपली शहरे बांधली ते पायी आपल्या गावी निघाले. त्या वेळी मुंबईत ‘खाना चाहिये’ ह्या नावाने नागरिकांचा एक उद्योग उभा राहिला. बंद पडलेल्या उपाहारगृहांच्या चुली पुन्हा पेटवून पश्चिम द्रुतगती मार्गावरच्या माणसांस रोज शिजलेले अन्न पोहोचविण्यात आले. आपापल्या घरी बसून कचेरीचे काम करणाऱ्या कितीतरी तरुणांनी त्या दिवसांत कोणत्या चौकात किती माणसे आहेत, कोणत्या स्वयंपाकघरात किती पाने तयार आहेत, कोणती गाडी मोकळी आहे ह्यांचा मेळ संगणकावर बसवून दिला. २६ जानेवारी २०२० रोजी राज्यात दहा रुपयांत सुरू झालेली शिवभोजन थाळी टाळेबंदीत पाच रुपयांना करण्यात आली, तिचाही पुष्कळांस आधार झाला. तांडे गेले, रस्ता मोकळा झाला, आणि आपण पुन्हा त्या रस्त्याने गाड्या हाकू लागलो.

येथे कोणी ज्ञातिबांधव मनात म्हणत असतील, की ही संस्था ज्ञातीची, ही स्मरणिका ज्ञातीची, निधी ज्ञातीचा. मग परमुलखातून आलेल्यांच्या जेवणाची काळजी आपण का वाहावी? आपलीच जमीन गेली, आपणच आपल्या गावात थोडे झालो, त्याचे काय? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. आपल्या मुलांस शिष्यवृत्त्या द्यावयास निधी पुरत नाही हे खजिनदार आत्ताच सांगून गेले. परंतु थोडा आपला इतिहास आठवावा. अलिबाग तालुक्यातील चरीचा संप १९३३ साली सुरू झाला. आपल्या आगरी समाजातील नारायण नागू पाटील ह्यांनी खोतांच्या जुलुमाविरुद्ध शेतकऱ्यांस उभे केले, आणि चरी व आसपासच्या सुमारे पंचवीस गावांनी जमीन कसावयाची नाही असा निश्चय केला. हा निश्चय १९३९ पर्यंत टिकला. सहा वर्षे शेत पडीक ठेवावयाचे म्हणजे सहा वर्षे घरची कणगी रिकामी ठेवावयाची. लोक लाकडे तोडून विकीत, मिळेल तेथे मजुरी करीत, खाडीत चिंबोऱ्या व निवट्या धरीत. कोणाच्या घरी भाकरी झाली तर शेजारी अर्धी जाई. आणि ह्या लढ्यास बळ देण्यास जे पुढे आले त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. चरीचे शेतकरी काही त्यांच्या ज्ञातीचे नव्हते. त्या वेळी आपण बाहेरच्याने दिलेला हात धरला, ही गोष्ट आपल्या स्मरणिकेतच पुनःपुन्हा अभिमानाने छापली जावी अशी आहे. आणि ती छापावयाची असेल, तर नाक्यावरच्या मजुरास ‘तू कोणत्या जातीचा’ असे आपणांस विचारता येणार नाही.

निधीचा प्रश्नही येथे फारसा येत नाही, कारण आम्ही निधी मागतच नाही. आम्ही मागतो ते तास, आणि तेही कंपनीने ज्यांस आधीच मोकळीक दिली आहे असे. पुष्कळ कंपन्या आपल्या नोकरास वर्षातून एकदोन दिवस अशा कामासाठी पगारी सुटी देतात व काम कोणते करावयाचे ते त्याने सुचविले तर आनंदाने मान्य करितात. आपल्या मुलांनी तेथे जाऊन एवढेच म्हणावयाचे: आमचे गाव भाईंदरला आहे, ह्या वेळी तिकडे चला.

आणि येथे येऊन त्यांनी काय करावे? पाकिटे वाटावयास यावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. दरवर्षी २ ते ८ ऑक्टोबर ह्या दिवसांत दानोत्सव होतो; २००९ पासून चालत आलेला हा उपक्रम चांगला आहे. पण आपल्या आगरी मुलखात भुकेचे दिवस कोणते, हे जुन्या बायकांना विचारा. आषाढ ते भाद्रपद. मीठ संपलेले, भात अजून पोटरीत, दर्या बंद. बांधकामांवरही पावसात मजुरी थोडी. ऑक्टोबरात सर्व दाते एकदम येतात, तेव्हा पीक कापणीस आलेले असते. देणाराच्या पंचांगाप्रमाणे देणे झाले की असेच होणार.

डबेवाल्यांचे उदाहरण आम्ही दिले ते ह्यासाठी. आपल्या मुलांचे कसब तांदूळ ओतण्यात नाही. ती मुले हिशेब करितात, अर्ज भरितात, यंत्रातली चूक शोधतात, साहेबास पत्र लिहितात, शंभर माणसांची यादी डोळ्यांसमोर सरळ ठेवितात. आज भुकेल्या कुटुंबास ह्या गोष्टींची गरज शिजलेल्या भाताइतकीच आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातील दर माणशी दरमहा ५ किलो, आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. २०२३ च्या जानेवारीपासून ते विनामूल्य झाले. एका देशात एकच शिधापत्रिका ही योजना आता सर्व राज्यांत लागू आहे, म्हणजे जालन्याच्या किंवा बिहारच्या मजुरासही आपल्या गावच्या दुकानात अंगठा लावून आपला शिधा उचलता येतो. कितीजणांस हे ठाऊक आहे? ज्यांस ठाऊक आहे, त्यांतल्या कितीजणांचा अंगठा यंत्रावर उमटतो? सिमेंट कालवून व मीठ ओढून ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्या गेल्या त्यांस यंत्र ओळखीत नाही, आणि दुकानदार ‘उद्या ये’ म्हणतो. कायदा लागू झाला तेव्हा शहरातील प्राधान्य कुटुंबासाठी राज्याने वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये ठरविली. म्हणजे महिन्यास पाच हजारही नव्हेत. अशा कुटुंबास आपले नाव यादीत आहे की नाही, नसल्यास तक्रार कोणाकडे करावयाची, कोणता कागद जोडावयाचा, हे कोण सांगणार? वांद्र्याच्या कचेरीत बसून जो मुलगा दिवसाला पन्नास ग्राहकांची कागदपत्रे तपासतो, त्याने महिन्यातून एक रविवार नाक्यावर टेबल टाकून बसावे. एका शिधापत्रिकेतून एका घरात दरमहा वीस-पंचवीस किलो धान्य येते, आणि ते वर्षभर येत राहते. पाकीट एका रात्रीत संपते.

रविवारचा आणखी एक उपयोग आहे. सरकारी व अनुदानित शाळांतील पहिली ते पाचवीच्या मुलास दुपारच्या आहारात ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, सहावी ते आठवीच्या मुलास ७०० उष्मांक व २० ग्रॅम, असा नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, तेव्हापासून ह्या योजनेस खरा जोर आला. परंतु शाळेची चूल रविवारी बंद असते. नोकरदार मोकळा असतो तोही रविवारीच. काही मुलांच्या पोटात रविवारी दुपारी काय जाते, हे पाहावयास फार मोठी संस्था लागत नाही. चार घरे एकत्र आली तरी पुरे. तसेच अंगणवाडीचे. तेथील ताई मुलांचे वजन घेते, उंची घेते, नोंद करिते, आणि त्यावर निरनिराळ्या वह्या भरिते. तिला खाऊच्या पिशव्या आणून देण्याऐवजी कोणी तिच्या नोंदी संगणकात नीट चढवून दिल्या, तर तिचा तेवढा वेळ कृश मुलाच्या आईपाशी जाईल. वाढदिवसानिमित्त अंगणवाडीत गोड बिस्किटे वाटून छायाचित्रे काढण्याची जी प्रथा पडली आहे ती मात्र बंद झाली तर बरे. मुलाच्या हातात पुडा आणि डोळ्यांत लाज असे ते चित्र कोणत्याही भिंतीवर शोभत नाही.

आता थोडे आपल्या घरचे. आपल्या ज्ञातीत हळद व लग्न म्हणजे काय असते हे येथे सांगावयाचे कारण नाही. धवलारीण धवले म्हणावयास बसली, की अंगणात हजार-दीड हजार पाने उठावयाची. तांदळाच्या भाकरी, वडे, मटण, भाताचे हंडे. पाहुणा उपाशी जाऊ नये म्हणून यजमान दीडपट शिजवितो. ही आपली रीत आहे आणि तिचा आम्हांस अभिमानही आहे. पण पहाटे त्या हंड्यांचे काय होते? खाडीकाठी जाऊन पाहावे. १९६७ मध्ये अमेरिकेतील फिनिक्स शहरी जॉन व्हॅन हेंगेल ह्या गृहस्थाने पहिली अन्नपेढी काढली, ती दुकानदार टाकून देत असलेले चांगले अन्न पाहून. आपल्याकडे तसे करावयाचे तर शिजलेल्या अन्नाचे पथ्य कडक आहे. भात कोमट राहिला की काही तासांत बिघडतो, आणि बिघडलेले अन्न गरिबाच्या पोटी घालणे हे उपाशी ठेवण्याहून वाईट. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने उरलेल्या अन्नाच्या संकलनाविषयी २०१९ मध्ये नियम केले आहेत. नोंदणी, स्वच्छता, पाकिटावरील माहिती ह्यांविषयी त्यांत सांगितले आहे. म्हणून पंगत उठल्यावर विचार करून चालणार नाही. पंगत बसण्यापूर्वीच एक हंडा झाकून, गरम ठेवून, बाजूस काढावयाचा, आणि रात्री दहाच्या आत तो जावयाचा. एका लग्नात हे जमले म्हणजे दुसऱ्या लग्नात कोणी विचारणारही नाही. तीच रीत होईल. खिलवणाराच्या घरची ही गोष्ट असल्याने पुढाकार भगिनींनी घ्यावा. पुरुषांच्या हाती दिल्यास पहिल्या वर्षी समिती, दुसऱ्या वर्षी अहवाल आणि तिसऱ्या वर्षी भांडण होईल, असा आमचा अनुभव आहे.

कंपन्यांविषयीही एक शब्द बोलणे भाग आहे. त्यांची मदत येते ती पुष्कळदा वर्षाच्या हिशेबाने येते, आणि हिशेब बदलला की थांबते. साहेब बदलतो, शहर बदलते, विषय बदलतो. ह्या वर्षी भूक, पुढल्या वर्षी झाडे. जे काम रोज करावयाचे ते अशा मदतीवर उभे करू नये. रोजचे काम रेशनच्या दुकानाचे, शाळेच्या चुलीचे, अंगणवाडीचे आहे. त्यांच्या जागी नवे दुकान मांडण्याचा उत्साह आपल्या तरुणांनी धरू नये. ती चालतात की नाहीत हे पाहावे, अडली तर ढकलावी, आणि महापालिकेत वा तहसील कचेरीत जाऊन त्याबद्दल वाद घालावा. कचेरीतल्या माणसाशी कचेरीतल्याच भाषेत वाद घालावयास आपल्याकडे पूर्वी कोणी नसे. आता आहेत. आज ह्या सभेत पाठीमागे उभी असलेली मुले ती आहेत.

येत्या ज्येष्ठापासून आरंभ करावा, म्हणजे भुकेचे तीन महिने येण्यापूर्वी यादी तयार होईल. प्रत्येक आळीतून दोघांनी हिंडून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची व बांधकामांवरील कुटुंबांची नोंद करावी. त्यात जात लिहू नये, शिधापत्रिका आहे की नाही, मुले किती व कोणत्या वयाची, एवढेच लिहावे. नाक्यावर टेबल टाकण्यासाठी चार खुर्च्या व एक छत्री संस्थेच्या कोठारात आहेत. मंडपाच्या दाराशी वही ठेविली आहे. तीत नाव, कोणत्या कंपनीत आहात, वर्षातून किती दिवसांची मोकळीक मिळते आणि कोणता वार सोयीचा हे लिहावे. शेवटच्या रकान्यात आपणांस काय येते ते लिहावयाचे आहे: हिशेब, अर्ज, गाडी हाकणे, संगणक, हिंदी बोलणे, भाकरी भाजणे, काय असेल ते. आजच्या जेवणापैकी भाताचा एक हंडा व आमटीची एक कळशी आम्ही आधीच झाकून ठेवावयास सांगितली आहे. ती साडेआठ वाजता निघेल. तिच्याबरोबर टेंपोत तिघेजण हवे आहेत.